नायिका सुस्थितीत आढळली

जयगडला कोळशाच्या जहाजाला खेटून आमची होडी हिंदकळत होती. मी मान वर करून जहाजावरचे आकडे वाचत होतो आणि खिशात फोन वाजायला लागला. फरहाना मॅडम.

"बोरकर सर, नाव देताय की नाय? शनिवारी नोंदणी बंद."

"अहो, मी ड्राफ्ट घेतोय!"

"तो तुमचा रोजचाच आहे. कादंबरीचं बोला."

मी मरीन सर्व्हेयर. जहाज पाण्यात किती बुडालंय ते त्याच्या अंगावर रंगवलेल्या आकड्यांवरून वाचायचं आणि त्यावरून आत माल किती ते काढायचं, याला ड्राफ्ट सर्व्हे म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं. पण लाट आकडा गिळते, सोडते, परत गिळते. बघत राहायचं आणि मधला आकडा पकडायचा.

फरहाना मॅडम आमच्या ऑफिसचं डॉक्युमेंटेशन बघतात आणि गावातलं एक वाचनमंडळही चालवतात. मंडळाने आव्हान दिलं होतं, एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची. आता मी डब्याच्या वेळी "माझ्या डोक्यात एक कादंबरी आहे" हे इतकी वर्षं सांगत आलोय की लोकांना ते लोणच्यासारखं झालंय, जेवणात असतंच. शेवटी आमचे बॉस, कॅप्टन दळवी, वैतागले.

"बोरकर, आता लिहा. नाव दिलं नाहीत, तर ऑफिसात कादंबरी हा शब्द पुन्हा काढायचा नाही. कायमचा."

सगळे हसले. मीही हसलो, पण आतून टरकलो. तो एक शब्द होता म्हणून मी लेखक होतो. तो गेला की मी नुसता कोळसा मोजणारा माणूस.

तर आधी आयडिया हवी. मी म्हटलं, खून करू. खपतो. जयगडहून परतताना गाडीत ड्रायव्हर संदीपला सांगितलं, "वेळणेश्वरच्या किनाऱ्यावर पहाटे एक प्रेत सापडतं."

त्याने करकचून ब्रेक मारला. "साहेब, वेळणेश्वर माझी सासुरवाडी! सासऱ्यांनी आत्ताच होमस्टे काढलाय. कोण येईल मग?"

"अरे, खोटं प्रेत आहे."

"बुकिंग खरी आहेत ना!"

बरं, प्रेत मांडवीला हलवलं. कॅप्टन साहेब म्हणाले, "मांडवीला माझा फ्लॅट आहे. विकायला काढलाय. जरा दमानं." मग प्रेत भर समुद्रात जहाजावर नेलं, तर फरहाना मॅडमचे डोळे मोठे झाले. "माझे दोन्ही भाऊ जहाजावर आहेत, सर. अम्मीने वाचलं तर मला घरात घेणार नाय." रत्नागिरी जिल्ह्यात खून करायला एक मोकळी जागा मिळेना.

मग प्रेमकथा. तिच्यात निदान कोणी मरत नाही. शुक्रवारी जोर करून पहिलं पान लिहिलं आणि डब्याच्या वेळी मॅडमच्या हातात दिलं. त्यांनी मोठ्याने वाचलं:

"नायिका खिडकीजवळ उभ्या स्थितीत आढळली. प्रथमदर्शनी सुस्थितीत. बाह्य नुकसान दिसले नाही. तिच्या मनाची पाहणी करता आली नाही, कारण आत प्रवेश देण्यात आला नाही."

मॅडमना ठसका लागला. संदीप डबा घेऊन बाहेर पळाला, कारण त्याच्या तोंडात आमटी होती.

आमच्या धंद्याचा नियम आहे, डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिहायचं. मालाला ओल लागली असेल तर 'ओल आढळली' लिहायचं. का लागली, कोणाची चूक, हे लिहिलं की कोर्टाच्या पायऱ्या आल्याच. माझा हात तसाच वळलेला. कॅप्टन साहेबांनी मात्र पान गंभीरपणे वाचलं.

"उत्तम. फक्त खाली 'विदाउट प्रेजुडिस' टाका."

म्हणजे, मी पाहिलं ते लिहिलं, उद्या माझी मान धरू नका. मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. घरी जाताना ठरवलं, नाव द्यायचं नाही. गेला शब्द तर गेला, मरू दे.

बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं. ती कोलंब्या सोलत होती. पान ऐकून ती हसली नाही.

"तुम्ही मला बघायला आलात तेव्हा काय केलंत, आठवतंय?"

"काय केलं?"

"पोहे खाल्लेत आणि पूर्ण वेळ आमची मागची भिंत बघत बसलात. बाबांनी विचारलं, मुलगी कशी वाटली? तर म्हणालात, 'पाहणी झाली, मत नंतर कळवतो. पण त्या भिंतीला तडा गेलाय.'"

"अगो, गेलाच होता!"

"म्हणून तर मी हो म्हटलं. आधीची स्थळं गोडगोड बोलून गेली. तडा कोणी सांगितला नव्हता."

एवढ्या वर्षांत हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी दोन कोलंब्या सोलायला घेतल्या, त्याही धड सोलता आल्या नाहीत. मग मॅडमना फोन लावला.

"नाव लिहा. एक सर्व्हेयर मुलगी बघायला जातो आणि रिपोर्ट लिहितो."

"खून आहे?"

"नाही. भिंतीला तडा आहे."

महिनाभर लिहिलं. पन्नास हजार काही झाले नाहीत. आमच्या भाषेत जहाज अर्धवट भरून निघालं. पण लग्न लागलं आणि कादंबरी संपली. सुनंदाने वाचली. म्हणाली, "नायिका अजून खिडकीतच उभी आहे हो. तिला बसायला तरी सांगा."

आता ऑफिसात तो शब्द काढायला मला कोणाची बंदी नाही. पण मीच काढत नाही. काढला की कॅप्टन साहेब चष्मा शोधतात आणि म्हणतात, "आणा, बघू." न लिहिलेल्या कादंबरीचा सर्व्हे कोणी करत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं.