ओब्दुलियाची जीभ

ओब्दुलिया मावशीने दाणा चावून "गोड" म्हटलं की पोती ओढ्यातून निघत. तार्वी या डोंगरी कडधान्याचा दाणा मुळात कडूजहर. उकडून आठवडाभर वाहत्या पाण्यात ठेवला की विष उतरतं आणि मग त्याचं पीठ अंड्याइतकं पौष्टिक. खोऱ्यात हे माप चाळीस वर्षं तिच्याच जिभेवर होतं. दुसरीने दाणा चाखणं म्हणजे तिचा अपमान.

बायकांच्या मंडळाने शाळेच्या न्याहारीसाठी पीठ द्यायला घेतलं, तेव्हा तिची भाची नेलिदा शहरातून विष मोजायचं शिकून आली. बाटलीत थेंब टाकायचे, रंग बघायचा, कागदावर आकडा लिहून सही करायची.

त्या जूनमध्ये मावशी तीन आठवडे तापाने पडून होती. उठली तेव्हा तिला मीठ आणि माती सारखीच लागत होती. ती कुणाला बोलली नाही. दाणा चावायची, पाण्यावरचा फेस निरखायची आणि अंदाजाने "गोड" म्हणायची.

एका मंगळवारी नेलिदाने अडवलं. "मावशी, आकडा चालतो त्याच्या तिप्पट आलाय. अजून दोन दिवस भिजू दे."

"तुझ्या बाटल्या काल आल्या गं. या जिभेवर तुझी आई वाढली."

"थेंब मोजता मोजता पोरगी म्हातारी व्हायची!" कुणीतरी म्हणालं. बायका खो खो हसल्या. नेलिदाने मावशीकडे एकदा पाहिलं आणि खाली मान घालून सही केली.

दालचिनीच्या गोड लापशीत कडूपणा लपला. शुक्रवारी शाळेत अकरा मुलं चक्कर येऊन पडली. दोन दिवसांत सगळी बरी झाली. पण सही नेलिदाची होती. तिचं काम गेलं. सभेत मावशी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने तोंड उघडलं नाही.

चार वर्षांनी ती बाजारात नेलिदाच्या लोकरी मोज्यांच्या पथारीपुढे उभी राहिली.

"काय हवंय?" नेलिदाने मान वर न करता विचारलं.

मावशीने शालीच्या गाठीतून उकडलेले, पण ओढा न पाहिलेले दोन दाणे काढले, तोंडात टाकले आणि सावकाश चावले. चेहऱ्यावरची एकही सुरकुती हलली नाही.

"थुंक आधी ते!" नेलिदाने ओंजळ पुढे केली. मावशी थुंकली.

"कधीपासून?"

"त्या तापापासून."

नेलिदाने हात फडक्याला पुसले, तिला चूळ भरायला पाणी दिलं. "एक शब्द बोलली असतीस, मावशी, तर मी सही केली नसती."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ते जाईपर्यंत मावशी उभी राहिली. ते गेलं, मग दुसरं आलं, तरी ती जागची हलली नाही.