मोठ्या आवाजाची पेटी

निजामाच्या राजवटीत भोकरदनच्या बाजारात एक पेटीवाला बसायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आमच्या टेंभुर्णीच्या भजनात टाळांपुढं पेटी ऐकूच येत नव्हती, म्हणून आम्ही चौघं टाळ घेऊनच त्याच्याकडं गेल्तो.

त्यानं सगळ्यांत मोठी पेटी फडक्यानं पुसून दिली, आम्हाला गायला बसवलं आणि कानामागं पंजा धरून तो ऐकत ऐकत पार बैलबाजारापर्यंत गेला. परत आला तो गंभीर होऊनच.

"हीच घ्या, मालक."

"लांबून ऐकू येती का?" आमच्या बुवांनी विचारलं.

"बराबर येती," तो अदबीनं म्हणाला. "अन् तुमचं गाणं बिलकुल ऐकू येत न्हाई."

बुवांनी जरासा विचार केला आणि पेटी उचलली. त्यानंतर आमच्या भजनाला माणसं शेवटपर्यंत बसू लागली.