काखेतलं अत्तर

काकूंनी माझा उजवा हात मनगटाला धरून वर केला आणि अत्तराचा फाया कुर्त्याच्या काखेवर घासला. मग डावा हात. "आता वाट पन्हं," त्या म्हणाल्या.

झाशीतल्या एका कारखान्याच्या कॉलनीत चैत्रगौरीचं हळदीकुंकू चाललं होतं. काकू म्हणजे मोठ्या साहेबांच्या पत्नी. माझे वडील त्याच साहेबांच्या खात्यात वेल्डर, तेही ठेकेदाराकडून. मराठी घरं थोडी, म्हणून आम्हालाही बोलावणं असायचं. आम्ही जुन्या शहरातल्या लक्ष्मी गेटहून यायचो. ई-रिक्षा फाटकापाशी सोडते, पुढे उन्हात चालायचं. माझी नुकतीच दहावीची परीक्षा झाली होती. कुर्ता भिजला होता.

अत्तर पालथ्या हाताला लावतात. बाकी सगळ्यांना तिथंच लावलं होतं.

शेजारच्या बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, "अरे भाभीजी, गर्मी में तो सबका यही हाल है."

"सबका नहीं," काकू म्हणाल्या. "ये तो अपने-अपने घर की बात होती है."

दोघी-तिघी हसल्या. आई ओटीतले हरभरे सावरत राहिली. मी पन्हं वाटलं. हात अंगाला चिकटवून, फक्त कोपरापासून हलवत.

त्यानंतर मी हात वर करणं सोडलं. उत्तर येत असलं तरी वर्गात गप्प. बसमध्ये वरची दांडी धरायची नाही. एकदा ब्रेक लागला आणि पडले. रोज काखेत तुरटी घासायची, कातडी सोलली तरी. आई विचारायची, "काय झालं गं?" मी म्हणायची, "घामोळं."

अकरावीत जीवशास्त्राच्या सरांनी फळ्यावर त्वचेचा छेद काढला. केसाच्या मुळाशी तैलग्रंथी. तिचं तेल कातडी मऊ ठेवतं. खाली वेटोळं घातलेली नळी, ती घामाची ग्रंथी. अशा ग्रंथी अंगभर. पाणी आणि मीठ बाहेर टाकतात, अंग थंड ठेवतात. काखेतल्या काही वेगळ्या. त्या वयात येताना कामाला लागतात. त्यांच्या दाट स्रावाला मुळात फारसा वास नसतो. कातडीवरचे जिवाणू तो फोडतात, तेव्हा येतो.

मी हात वर न करताच विचारलं, "सर, ये हर घर में होती हैं?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "जिसके चमड़ी है, उसके होती हैं. कलेक्टर के भी."

लाज तेवढ्यानं गेली नाही. त्या संध्याकाळीही मी तुरटी घेतली. पण घासता घासता थांबले. शिक्षा कशाची चालली होती, सांगता येईना.

यंदाच्या चैत्रात काकूंनी फाया पुढे केला. "ये, तुला आधी."

मी हात मागे घेतला. "काकू, आधी तुमच्या काखेत लावा. तिथंही त्याच ग्रंथी आहेत."

कुणी हसलं नाही. आई कुजबुजली, "माफी माग." माझे कान तापले होते. काखा भिजल्या होत्या, आणि सगळ्या तिकडेच बघताहेत असं वाटत होतं. मी माफी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वडिलांना बोलावलं. "मुलीला घेऊन या. दोन शब्दांत विषय संपेल." वडिलांनी ते घरी जसंच्या तसं सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठेका पुढच्या महिन्यात संपतोय."

याचा अर्थ मला कळतो. काम गेलं तर ते माझ्यामुळे, हेही कळतं. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तरी बघितलं.

"साहेबांना सांगा, मुलगी येणार नाही. तुम्ही नाही म्हणालात असं सांगू नका. मी म्हणाले. माझं नाव घेऊन सांगा."