वर न्यायची यादी

"तुमचं काय गो, परत काढाल की!"

अध्यक्ष असं बोलले आणि समितीतली सगळी माणसं हसली. मीपण हसले. हातात चहाचा ट्रे होता, तो हलला, दोन कप सांडले. मी फडकं आणायला खाली पळाले. जिन्यात उभी राहिले तेव्हा कळलं, आपण हसलोय. आपल्या आईवर हसलोय.

नीट सांगते. महाडच्या बाजारातल्या एका जुन्या गोदामात लोकवर्गणीतून आमचं सार्वजनिक कलादालन उभं राहिलं. खाली चित्रं, वर समितीची खोली. समितीत नऊ माणसं. आठजण जमीनजुमल्यावाले, दुकानवाले. नववी मी. पोलादपूरकडं, कापडे गावाच्या पुढं डोंगरात आमची वाडी होती. माझ्या नावापुढं 'वाड्यांच्या प्रतिनिधी' असं लिहिलेलं असतं. प्रतिनिधीनं दहाला कुलूप उघडायचं, झाडू मारायचा, फ्रेमा पुसायच्या, सभेला चहा करायचा. प्रतिनिधीनं सभेत बोलायचं असं कुठं लिहिलेलं नाय.

महाडात राहणाऱ्याला पूर काय ते सांगावं लागत नाय. दालनाच्या भिंतीवर मोठ्या पुराची लाल रेघ ओढलेली आहे, माझ्या खांद्याला लागते. रेघेच्या वर खिळे. त्या खिळ्यांवर काचेच्या फ्रेमा. सगळ्यात मानाच्या जागी अध्यक्षांचे आजोबा, फेटा बांधलेले, हातात काठी. आणि रेघेच्या खाली वाड्यांवरून आलेलं काय काय, जिन्याच्या पायथ्यापर्यंत. पायथ्याशी माझ्या आईचं गोणपाट.

दरडीनं आमची वाडी नेली तेव्हा मी मुंबईत भावाकडं होते. आई आणि शेजारची भागीआत्या त्या दिवशी पोलादपूरला दवाखान्यात गेल्या होत्या, म्हणून वाचल्या. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागल्यावर आईनं एक गोणपाट शेणामातीनं सारवलं. त्यावर तांदळाच्या पिठानं, गेरूनं, काजळीनं अख्खी वाडी काढली. तेवीस घरं. वरची आळी, खालची आळी. कुणाच्या दारात फणस, कुणाच्या ओटीवर जातं, कुणाची पायरी फुटकी, सगळं जसंच्या तसं. पाटी धड न धरलेली बाई, पण एक दार चुकलं नाय तिचं. शेवटचं घर झालं आणि दीड महिन्यात ती गेली.

भागीआत्या दर महिन्याला एसटीनं यायची. मोतीबिंदूनं डोळे गेलेले, रस्त्यापुरतं अंधुक दिसायचं. बोटांनी बघायची. पीठ वाळून त्याच्या रेघा उंच झालेल्या, त्या चाचपत खालच्या आळीपर्यंत यायची आणि तिथं थांबायची. "ह्यो माझा उंबरा," म्हणायची. 'चित्रांना हात लावू नये' अशी पाटी आहे दालनात. मी तेवढ्यापुरती पाटीकडं पाठ करायची.

आता ती यादी. भोंगा वाजला, पाणी यायला लागलं, तर कुठली चित्रं कुठल्या क्रमानं वर न्यायची, ते पावसाळ्याआधी ठरवायचं होतं. माझं अक्षर चांगलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एक नंबर, आजोबा. मग कुणाचे वडील, कुणी दिलेला रायगडाचा देखावा, कुणाच्या सुनेनं काढलेली फुलं. बत्तीसला यादी संपली. जे रेघेच्या वर होतं तेच आधी आणखी वर जाणार. खालचं एकही नाव नाय. मी चहा करायला गेले, पण आधण उकळत होतं आणि मीपण. ट्रे घेऊन आले तशी उभ्या उभ्याच विचारलं, "आणि आईचं?"

तेव्हा अध्यक्ष ते बोलले. त्यांच्या घरात कुणी कुणाला 'गो' म्हणत नाय. तो आमचा शब्द. मला वेडावून दाखवायला त्यांनी उचलला. आणि आई मेलीय हे त्यांना माहीत होतं. हारही त्यांनीच घातला होता तिच्या फोटोला, उद्घाटनाच्या दिवशी.

फडकं आणून मी सांडलेला चहा पुसला. यादी स्वच्छ कागदावर उतरवली. सगळ्यांनी सह्या केल्या, मीपण केली. गोंद लावून दारावर चिकटवली. वाकडी लागली म्हणून काढून परत सरळ लावली.

जुलैत दोन दिवस घाटात नुसता धो धो. तिसऱ्या दिवशी सकाळपासून हवेला ओल्या मातीचा वास. तो वास आमच्या वाडीच्या माणसाला सहन होत नाय. सावित्री नदी तांबडी झालेली, आवाज बाजारापर्यंत येत होता. दुकानदार माल माळ्यावर टाकत होते. दुपारी भोंगा वाजला. दालनात मी एकटी. अध्यक्षांचा फोन आला. "यादीप्रमाणेच घ्या. क्रम चुकवू नका."

मी क्रम चुकवला नाय.

बत्तीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला जिन्याच्या पायथ्याशी गोणपाट. प्रत्येक फेरीला मी त्याच्या बाजूनं गेले. एकदा तर आजोबांच्या नंतरचा कुणीतरी त्याला घासला, मी 'सॉरी' म्हणाले. कुणाला म्हणाले देव जाणे. एकोणतिसाव्याला मोरीतून गुळगुळ आवाज आला आणि काळं पाणी वर आलं. तिसाव्याला टाच बुडाली. मी गोणपाटाकडं बघितलं. बघितलं, आणि एकतीस नंबर उचलायला गेले. अगं बये, कुणी बांधून घातलं होतं का तुला? कोण होतं तिथं बघायला? कुणी नाय. एक कागद होता, माझ्याच अक्षरातला.

बत्तिसावं वर ठेवून आले तेव्हा पाणी पोटरीला. गोणपाट काढलं तर खालची किनार माझ्या हातातच सुटली. पीठ, गेरू, शेणमाती, सगळं पाण्यात. खालची आळी गेली. सात घरं. पाणी त्याहून चढलंच नाय, संध्याकाळी ओसरलं. आजोबांच्या खिळ्याला थेंब लागला नाय.

पुढच्या महिन्यात भागीआत्या आली. मला वाटलं आधीच सांगावं. सांगितलं नाय. ती चाचपत वरच्या आळीवरून आली, फणसापाशी आली, खाली आली आणि तिच्या बोटांना नुसतं तरट लागलं. परत वर गेली, परत खाली आली.

"बोटं मेली का काय माझी," म्हणाली. "माझा घर कुठं गेला गो?"

सगळं सांगितलं. बत्तीस फेऱ्या, पाणी, यादी. यादी कुणाच्या अक्षरात ते पण सांगितलं. मला वाटलं रडेल, नायतर शिव्या घालेल. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दरडीनं नेला तवा तू नव्हतीस," ती म्हणाली. "आता तू व्हतीस ना गो?"

छत्री उचलली आणि स्टँडकडं चालायला लागली. मी सोडायला निघाले तर हातानंच नको म्हणाली. ती परत आलेली नाय.

त्याच आठवड्यात सभा. सचिवांनी इतिवृत्त वाचलं. "प्रतिनिधींच्या तत्परतेमुळे सर्व कलाकृती सुरक्षित. कोणतीही हानी नाही." टाळ्या. वही माझ्यापुढं सरकवली, पेन उघडून दिलं.

"हे खोटं आहे," मी म्हणाले. चहा केला नव्हता त्या दिवशी. खुर्चीवर बसले होते.

सचिव समजुतीनं म्हणाले, "अहो ताई, ते गोणपाट ना? मोबाईलवर फोटो असेल की. त्यावरून काढून घेऊ कुणाकडून तरी."

तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज चढला नाय माझा, त्याचंच मला नवल वाटतं. मी म्हणाले, "अध्यक्षांच्या आजोबांचं चित्रसुद्धा फोटोवरूनच काढलंय. तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात आहे. मग त्यांचं काय हो, परत काढाल की."

कुणी हसलं नाय.

"भान ठेवून बोला," अध्यक्ष म्हणाले. "प्रतिनिधी बदलता येतो. किल्ली इथं टेबलावर ठेवा."

"ठराव करा. लेखी द्या. तोवर नाय."

वहीवर सही केली नाय. हानी नाय या ओळीखाली माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: सात घरं बुडाली. आणि खाली आले.

ठरावाची सभा लावलीय त्यांनी, येत्या सोमवारी. दोन दिवसांपासून समोरच्या पानटपरीवर दोन माणसं उभी असतात. मी कुलूप लावताना बघत असतात. घाटाकडं आभाळ काळं पडलंय. मातीचा वास परत सुटलाय. सभा आधी होते का भोंगा आधी वाजतो, मला माहीत नाय.

गोणपाट मी आता रेघेच्या वर लावलंय, आजोबांच्या शेजारी. आजोबांना हलवलेलं नाय. गोणपाटाची खालची बाजू कोरी आहे. ती मी भरणार नाय आणि कुणाला भरू देणार नाय. तिच्या बाजूला जुनी यादी लावलीय, दारावरून सोलून, काच घालून. बत्तीस नावं आणि खाली नऊ सह्या. नववी माझी. येणारी माणसं आधी कोरी जागा बघतात, मग यादी वाचतात, मग सह्या वाचतात.

दारावर नवी यादी आहे. अक्षर तेच. एक नंबर, गोणपाट. दोन नंबर, जुनी यादी. तिला पाणी लागू देणार नाय मी.