सुरतेची उज्ज्वला

"उज्ज्वला बरी हाय, सुरतेला दिलीय तिला," वनमाला म्हणाली होती. पंच्याण्णव साली, कॉलेजच्या फाटकाशी, बी.ए.च्या निकालाच्या दिवशी. विचारणारी वर्षाराणी होती. उज्ज्वला निकाल घ्यायला आली नव्हती, आणि वर्गात तिची जवळची म्हणावी अशी वनमालाच.

वाक्य वनमालाचं नव्हतं. आठ दिवसांपूर्वी ती पालीला उज्ज्वलाच्या मळ्यावर गेली होती. बाप गहिनीनाथ बाजेवरून उठला नाही. "घाईत लगीन लावलं, सुरतेला दिली," म्हणाला. "कुणी इचारलं तर तूच सांग. तू मैत्रीण हायस." आई कडूबाई चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही. लग्नघराची एकही खूण नव्हती. उज्ज्वलाच्या चपला दाराशी होत्या. परतताना वनमालाला मळ्यातली विहीर दिसली, बुजवलेली. ताजा मुरूम, वर दगड. त्या मे महिन्यात गावोगाव टँकर फिरत होते, आणि त्या विहिरीला पाणी होतं. पाण्याची विहीर उन्हाळ्यात कोण बुजवतं? वनमालाला तिथंच कळलं. उज्ज्वला एका मुलाशी बोलायची आणि ते घरी समजलं होतं, एवढं तिला आधीच ठाऊक होतं. ती घरी आली, जेवली, आणि गप्प राहिली.

पुढं तिचं लग्न झालं. नवरा परमेश्वर दिंद्रुडचा, दूध संकलन केंद्रावर कामाला. एक मुलगी, योगिता, तीही आता सासरी. वनमाला अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत सेविका आहे. लेकरांची वजनं घ्यायची, रजिस्टरात लिहायची. दसरा झाला की निम्मी वस्ती ऊसतोडीला जाते, लेकरं काखेला मारून. रजिस्टर मात्र महिन्याच्या महिन्याला भरावं लागतं. मग ती अंदाजानं लिहायची. या महिन्यात दोनशे ग्रॅम, पुढच्यात दीडशे. कागदावरची लेकरं गुणी असतात. आजारी पडत नाहीत, नुसती वाढत राहतात.

उज्ज्वलाही तशीच वाढली. एसटी स्टँडवर, कुणाच्या लग्नात, जो भेटेल तो विचारायचा, काय म्हणते तुझी मैत्रीण? वनमाला सांगायची. नवरा साड्यांच्या कारखान्यात. मग मुलगी झाली, मग मुलगा. मुलीला नर्सिंगला घातलं. पहिली दोन-चार वर्षं सांगताना ती पिशवीत उगाच काहीतरी शोधायची. नंतर नंतर भाकरी थापताना तिच्या मनात यायचं, उज्ज्वलाची पोरगी आता पंचवीसची झाली असेल, आणि हात थांबायचा.

यंदा चैत्रात वस्तीवरची शिवकन्या ऊसतोडीहून परतली ती मोकळ्या हातांनी. बाळ पौषातच तापानं गेलं होतं, फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत. वनमालाच्या रजिस्टरात ते पुढं तीन महिने वाढत राहिलं होतं. शेवटचा आकडा आठ किलो चारशे. शिवकन्यानं त्या आकड्यावरून बोट फिरवलं.

"लई भरलं होतं की ओ, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. कौतुक होतं. वनमालानं रजिस्टर मिटलं.

त्या दिवशी तिनं ठरवलं, निदान एक नाव तरी आपल्या हातानं खोडायचं. गहिनीनाथ मेला होता, कडूबाईही गेली होती. मे महिन्यात त्यांच्या बॅचचा स्नेहमेळावा होता. तिथं सगळ्यांपुढं सांगायचं.

बीडच्या एका मंगल कार्यालयात पन्नासेक जण जमले. हार्डवेअरचं दुकान चालवणाऱ्या सोमनाथनं सगळं जुळवून आणलं होतं. त्यानं दारातच स्मरणिका हातात ठेवली. प्रत्येकाला अर्धं पान: नोकरी, जोडीदार, मुलं. वनमालानं उज्ज्वलाचं पान काढलं. नवरा, मुलगी, मुलगा, तिनं आजवर सांगितलेलं सगळं होतं. खाली आणखी एक ओळ होती. नातू, सव्वा वर्षाचा.

"ह्यो नातू कुणी सांगितला?" तिनं विचारलं.

"ग्रुपवर टाकलं कुणीतरी. कावून, चुकलं का काय?" सोमनाथ म्हणाला.

"न्हाई चुकलं," पलीकडून जमील म्हणाला. त्याचा फळांचा व्यापार. "गेल्या साली मोसंबी घेऊन सुरतेला गेलतो. मंडईत हाक आली, जमीलभाई, ओळखलं का? बघतो तर उज्ज्वला. केस पांढरे झालेत, पण हसणं तेच."

"तू बायको सोडून समद्या बायकांना वळखतो बे," सोमनाथ म्हणाला, आणि आसपासचे हसले.

वनमालाची पाळी आली तेव्हा तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"माझं काय ते छापलंय," ती म्हणाली. "उज्ज्वलाचं पान खोडा. ती सुरतेला कधी गेलीच न्हाई. पंच्याण्णव सालीच ती मेली, तिच्या बापानं मारली. मला ठाऊक होतं, आन् सुरत मीच सांगत राहिले."

पंखे फिरत होते. कुणी दचकलं नाही. पन्नास चेहरे तिच्याकडं बघत होते, तापलेल्या लेकराकडं बघावं तसे.

"मग मी कुणाशी बोललो, वनमालाबाई?" जमीलनं हळू विचारलं. थट्टा करत नव्हता तो.

"उन्हातनं आलीय ती. पाणी द्या रे कुणीतरी," सोमनाथ म्हणाला.

वर्षाराणी उठून तिच्याजवळ आली. पाठीवर हात ठेवला. "अगं, असं अभद्र बोलू नये. दिवाळीत फोन आलता मला तिचा. तुझी चौकशी करत होती." बोलता बोलताच तिनं पर्समधून मोबाईल काढला, नंबर लावला. "रिंग जातीय. हां, उचलला. घे, तूच बोल."

तिनं फोन वनमालाच्या कानाला लावला.

आधी घरातले आवाज आले. भांड्याला भांडं लागलं, कुकरची शिट्टी झाली. मग एका पन्नाशीच्या बाईचा आवाज, जरा दमलेला.

"कोण, वनमाला का? बोल की गं. कधीची ऐकतेय मी."

वनमालानं फोन कानावेगळा केला आणि वर्षाराणीच्या हातात दिला. खुर्चीवरची पिशवी उचलली. दोन्ही बाजूंच्या लोकांनी पाय आवरून तिला वाट दिली. कुणाकडं न बघता ती दारातून बाहेर उन्हात गेली.