डाळिंबाच्या सालींनी काळवंडलेला हात

१२ ऑक्टोबर २०१८. डाळिंबाच्या सालीचा अर्क काचेच्या बशीत काही जंतूंची वाढ रोखतो, हे तोवर अनेक प्रयोगांत नोंदले गेले होते. त्या सकाळी रसाच्या दुकानात मात्र दोन भाऊ एकमेकांच्या जिवावर उठले होते.

धाकट्याला रसाचे यंत्र विकायचे होते.

"दादा, बाजूला हो."

"आधी मला आडवा कर!"

धाकट्याने त्याचे डोके फळीवर आपटले. थोरल्याने फुटका पेला त्याच्या तोंडावर हाणला. मग सालींच्या ढिगातला सुरा उठला आणि थोरल्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत फिरला. मध्ये पडलेल्या थोरल्याच्या बायकोचा ओठ फुटला.

"भावजी, माणूस आहात की कसाई?" ती किंचाळली. भावजी पळाले.

इस्पितळात टाके पडले, जंतू मारणाऱ्या औषधाच्या सुया सुरू झाल्या. पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. यंत्र चालवणारा हात तेवढा एकच. प्रयोगशाळेसाठी साली नेणारा मदतनीस थट्टेने म्हणायचा, "वहिनी, जंतूंचं विष तुम्ही कचऱ्यात टाकता!" तिने लोखंडी कढईत साली उकळल्या आणि काढ्यात भिजवलेले फडके बोटांपासून कोपरापर्यंत आवळले. नवरा गुरासारखा ओरडला.

"ओरडू नका, जंतू मरताहेत."

"त्यांच्या आधी मीच मरतोय!"

दोन दिवसांनी फडके सोडले, तर हात कोळशासारखा काळा. तिने त्याला तडक इस्पितळात नेले, पण काढ्याचे बोलायची तिची छाती झाली नाही.

"सडलाय," शल्यविशारदाने लांबूनच निकाल दिला. "आजच कापावा लागेल."

नवरा खाटेवरून उसळला. लाथेसरशी हत्यारांचा ट्रे भिंतीवर आदळला. त्याच काळ्या हाताने त्याने डॉक्टरची गचांडी धरली. टाके उसवून लालभडक रक्त डॉक्टरच्या डगल्यावर उडाले.

"काप! काप ना!"

डॉक्टरचे डोळे पांढरे व्हायला आले होते, पण नजर त्या बोटांवर खिळली. पाचही बोटे घट्ट मिटलेली होती; सडलेल्या हाताला असा जोर नसतो.

"सोडू नका," तो घुसमटत म्हणाला. "अजून आवळा!"

तेव्हा कुठे तिला कंठ फुटला. "डॉक्टर, काढा लावला होता. लोखंडी कढईतला."

सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून शाईसारखे काळे होते. नखे घासल्यावर खालून लाली दिसली.

हात वाचला. प्रयोगशाळेतला अर्क मद्यार्कात काढलेला, मोजूनमापून केलेला होता. कढईतला काढा कुणीच तपासला नाही, आणि सुयाही चालूच होत्या. जखम चिघळली नाही ती काढ्यामुळे, सुयांमुळे की काढा लावूनही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही.