सफाईकाकांनी पुसलेला डाग

दातांच्या दवाखान्यामागच्या लहानशा खोलीत बसून तो कवळ्या करायचा. पुढे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेणार आणि मधल्या खिडकीतून मागे सरकवणार, की पुढचं सगळं ह्याच्या हाती. मेणाचा नमुना, मग गुलाबी हिरडी, मग एकेक दात, मग घासणं आणि शेवटी पॉलिश. पॉलिशच्या बाबतीत गडी भलताच हट्टी. आपण कवळी घातली आहे हे घालणाऱ्याच्या लक्षातही राहता कामा नये, असं त्याचं म्हणणं. त्यापायी उशीर व्हायचा, डॉक्टरांची बोलणी बसायची, पण जिभेला खरखर लागेल असं काम त्याने कधी हातावेगळं केलं नाही.

दुपारी दवाखाना बंद असायचा. त्या वेळात हा माणूस डबा खाऊन, हात धुऊन, कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि आकाश साफ करायचा.

म्हणजे झालं होतं असं, की इंटरनेटवर आकाशाच्या नादी लागलेल्यांचा एक ग्रुप होता. कुणी कुणाला कधी पाहिलेलं नाही, पण एकमेकांच्या दुर्बिणींची खडान् खडा माहिती. तिथे दिवसभर काथ्याकूट चाले. कुणी तेजोमेघ जरा जास्त लाल केला की तो लाल खरा की चढवलेला यावर जुंपायची. एकदा परग्रहावरून यानाने पाठवलेल्या फोटोतल्या एका दगडाला कुणालातरी शेपूट दिसलं आणि अख्खा ग्रुप त्या शेपटीमागे लागला. शेवटी ह्याने लिहिलं, "दगड आहे. सावली पडली आहे. आपापल्या कामाला लागा." आणि लोक खरंच कामाला लागले. ग्रुपवर त्याचा शब्द असा चालायचा.

कारण सगळ्यांचे फोटो तोच धुवून पुसून द्यायचा. आकाशाचा फोटो एका दमात निघत नाही. एकाच जागेचे ढीगभर फिकट फोटो काढायचे आणि तारे ताऱ्यांवर बसवून ते एकावर एक रचायचे. मग खरा उजेड साचत जातो आणि कचरा उघडा पडतो. कचरा म्हणजे कॅमेऱ्यावरची धूळ, मध्येच गेलेलं विमान, दुर्बिणीच्या आतल्या आत उमटलेली प्रतिबिंबं. ते शोधून पुसणं हे किचकट काम, आणि ज्याला कवळीवरचा ओरखडा बोटाला कळतो त्याला ते आपसूक जमलं. लोक त्याला सफाईकाका म्हणू लागले. वरवर तो म्हणायचा, काय हे पोरकट नाव. आतून मात्र ते त्याला भारी आवडलं होतं.

सफाईकाकांचा एक नियम होता आणि तो ग्रुपवर सगळ्यांना पाठ होता. जे ताऱ्यांबरोबर राहत नाही, ते आकाशातलं नाही. धूळ कॅमेऱ्याबरोबर सरकते, प्रतिबिंब दुर्बिणीबरोबर सरकतं, तारे मात्र आपली जागा सोडत नाहीत. तेव्हा रचलेल्या फोटोंत एखादा ठिपका ताऱ्यांना सोडून इकडेतिकडे हललेला दिसला, की तो पुसून टाकावा. नियम चांगला होता आणि जवळपास नेहमीच खरा ठरायचा. हे 'जवळपास' काका हळूहळू विसरले.

याच ग्रुपवर एक निवेदिका होती. शेजारच्याच गावच्या बसस्थानकावर गाड्या पुकारायचं तिचं काम. आवाज असा खणखणीत आणि स्वच्छ, की ग्रुपवर तिने बोलून निरोप पाठवला की लोक गमतीने विचारायचे, "बाई, आमची गाडी कुठे लागली आहे?" एकटी राहायची. आईचं आजारपण काढण्यात निम्मं आयुष्य गेलं होतं. आई गेल्यावर हाताला काही काम हवं म्हणून तिने कुणाचीतरी जुनी दुर्बीण घेतली आणि गच्चीत मांडली. पहिले फोटो यथातथाच होते. काकांनी ते पाहून लिहिलं होतं, "तारे कुठे आहेत? मला तर तांदूळ दिसताहेत." दुसरी एखादी रडली असती. तिने विचारलं, "तांदळाचे तारे करायला काय करू?" काका खूश झाले. तेव्हापासून ती त्यांची शिष्या. ते तिची हजेरी घ्यायचे, ती हसून ऐकायची आणि पुढच्या वेळी ती चूक करायची नाही.

एकदा तिने एका दीर्घिकेचे कच्चे फोटो पाठवले. दीर्घिका म्हणजे लांबवरचा ताऱ्यांचा थवा, फोटोत जेमतेम चिमटीएवढा. काकांनी ते रचले. काम छानच झालं होतं. फक्त दीर्घिकेच्या खाली एक पुसटसा, हिरवट डाग होता आणि तो ताऱ्यांबरोबर राहत नव्हता.

तिलाही तो दिसला होता. तिने विचारलं, "काका, खालचं ते हिरवट काय आहे?"

"प्रतिबिंब. वर ठळक तारा आहे ना, त्याचा उजेड दुर्बिणीत आतल्या आत फिरलाय."

"पण हिरवं का?"

"भिंगाला लेप असतो, त्याचा रंग. बाई, प्रत्येक डागाला पाहुणा समजून चहा विचारत बसाल तर फोटो कधी व्हायचा?"

ती हसली. मग म्हणाली, कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नाही, कच्चे फोटो ठेवू का टाकू? काका म्हणाले, "टाका. भाजी झाल्यावर देठं कुणी जपून ठेवतं का?" त्यांनीही आपल्याकडचे टाकले. पुसलेला फोटो ग्रुपवर गेला आणि लोकांनी दोघांना डोक्यावर घेतलं. दीर्घिकेखालचं आकाश इतकं स्वच्छ झालं होतं की काकांनी तो फोटो खोलीतल्या भिंतीवर लावला, घासायच्या यंत्राच्या बरोबर वर.

पुढच्याच आठवड्यात बातमी आली. दूरदेशीच्या कुणा हौशी माणसाला एक नवा धूमकेतू सापडला होता. धूमकेतूला शोधणाऱ्याचं नाव मिळतं, तसं त्याचं मिळालं. ग्रुपवर आनंदीआनंद. औषधांच्या दुकानात बसणारा एकजण होता, त्याला आकडेमोडीचा फार शौक. त्याने धूमकेतूची मागची वाट काढून नकाशावर टाकली. काकांनी त्या दुपारी डबा खाता खाताच तो नकाशा उघडला आणि हातातला घास हातातच राहिला. वाट त्या दीर्घिकेच्या खालून गेली होती. ज्या दिवशी निवेदिकेने कॅमेरा लावला, त्याच दिवशी.

धूमकेतू हिरवट असतो आणि तो ताऱ्यांबरोबर राहत नाही. हे काकांना माहीत नव्हतं असं नाही. शाळकरी मुलालाही माहीत असतं.

तेवढ्यात औषधवाल्याने लिहिलं, "अरे, निवेदिकाबाईंनी त्याच सुमाराला तिकडचाच फोटो काढला होता की. काका, तुम्ही रचला होतात. काही दिसलं होतं का?"

आता खरं सांगायला याहून सोपी जागा मिळाली नसती. एक ओळ लिहायची होती. काकांनी एकच ओळ लिहिली, पण ती अशी: "नाही. त्यांच्या कॅमेऱ्यात इतकं फिकट यायचंच नाही."

लिहून पाठवलं आणि मग लक्ष गेलं, पडद्यावर वर आधीपासूनच दिसत होतं, निवेदिका लिहीत आहे. काका बघत बसले. लिहीत आहे, लिहीत आहे, बराच वेळ लिहीत आहे. मग ते विझलं आणि काहीच आलं नाही.

तिला तो डाग आठवत नसेल, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली. बाई प्रत्येक ठिपक्याबद्दल विचारते, कुठलं लक्षात राहणार? आणि आता सांगून होणार काय? कच्चे फोटो गेले, पुरावा गेला, नाव दुसऱ्याचं लागलं. उगाच तिच्या जिवाला घोर. ही समजूत एरवी बरी चालायची. कवळी घासता घासता नजर वर गेली, की भिंतीवरचं ते स्वच्छ आकाश दिसायचं आणि समजूत पार कोसळायची. शेवटी त्यांनी फोटो काढून खणात घातला.

आणि ते तिचं कौतुक करायला लागले. तिने काहीही पाठवलं की छान. उत्तम. वा. चंद्र पांढराफटक आला तरी छान. एकदा तर दुर्बिणीला धक्का बसून सगळे तारे लांबुडके आले होते, त्यावरही काकांनी लिहिलं, "सुंदर, असंच चालू ठेवा." तिने नुसतं "बरं" म्हटलं. त्यानंतर तिचे फोटो कमी कमी होत गेले आणि मग थांबलेच. मग एक दिवस ग्रुपवर दोन ओळी आल्या. दुर्बीण विकायची आहे, कुणाला हवी असल्यास कळवा.

त्या दिवशी काकांनी जेवताना बायकोला सगळं सांगितलं. तिला आकाशातलं काही कळत नव्हतं, पण माणसांतलं बरंच कळायचं. तिने ताट पुढ्यातून बाजूला सारलं.

"म्हणजे सापडलं तिला आणि पुसलंत तुम्ही."

"हो."

"आणि वर लोकांना सांगितलंत की तिचा कॅमेराच बेकार."

"तसंच नाही म्हणालो अगदी."

"अहो, मला काय सांगताय? जिला सांगायचं तिला सांगा. आणि फोनवर नाही, समोर जाऊन."

बसस्थानक तसं लांब नव्हतं. इतक्या दिवसांत जाता आलं नसतं असं मुळीच नाही, आणि हे काकांना वाटेत फार लागलं. काचेच्या खोलीत ती बसली होती, समोर माइक, भिंतीवर गाड्यांचा तक्ता. केस पिकलेले, गळ्यात चष्म्याची दोरी. काकांनी काचेवर टकटक केली आणि आपण कोण ते सांगितलं. ती जरा गोंधळली, मग हसली.

"या, काका. मला वाटायचं तुम्ही चांगले म्हातारे असाल. तुम्ही तर माझ्याच वयाचे."

तिने स्टूल पुढे केलं. काका बसले नाहीत. बसलो तर पुन्हा हवापाण्याच्या गप्पा सुरू होतील, अशी भीती वाटली. उभ्या उभ्याच म्हणाले, "तुमच्या फोटोतला तो हिरवा डाग. तो धूमकेतू होता. तुम्ही विचारलं होतंत. मी पुसला."

ती म्हणाली, "माहीत आहे."

"कधीपासून?"

"नकाशा आला तेव्हापासूनच. तुम्हाला कळलं तेव्हाच मला कळलं. दोघांनीच तर पाहिला होता तो." तिने माइकचं बटण बंद आहे ना ते एकदा बघितलं. "मी लिहायला घेतलं होतं. की जाऊ द्या काका, होतं असं, माझ्याकडूनही झालं असतं. तेवढ्यात तुमचं ते 'नाही' वाचलं. मग पुसलं."

काका म्हणाले, "तुमचं नाव लागलं असतं त्याला."

"असतं. आईचंही आडनाव आकाशात गेलं असतं. काही दिवस वाईट वाटलं, नाही असं नाही. पण ते गेलं निघून." ती खिडकीबाहेर बघत होती. "त्यानंतर तुम्ही माझ्या सगळ्याच फोटोंना छान म्हणायला लागलात. ते लांबुडके तारे आठवतात? तो मी मुद्दाम पाठवला होता. म्हटलं, आता तरी रागावतील. काका, मला शिकवणारं दुसरं कुणी नव्हतं हो. घरी कुणी नाही, इथे सगळ्यांना गाडीची घाई. चुकलं तर चुकलं म्हणणारे तुम्ही एकटे होतात. ते गेल्यावर दुर्बीण ठेवून करू काय?"

"विकू नका," काका म्हणाले. "मी पुन्हा नीट बघेन. जसं आहे तसं सांगेन."

तिने त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग मोबाइल काढून एक फोटो त्यांच्यापुढे धरला. "हा कालचा. कुणाला दाखवला नाही अजून. सांगा."

काकांनी चष्मा वर करून पडदा डोळ्यांजवळ नेला. तारापुंज होता. त्यांनी कोपरे पाहिले, मध्य पाहिला, पुन्हा कोपरे पाहिले. कुठे खोट सापडते का म्हणून अगदी जीव तोडून पाहिलं. एकेक तारा टाचणीच्या टोकासारखा आला होता. इतका चांगला फोटो ग्रुपवर कुणाचाच नव्हता, खुद्द काकांचाही नव्हता.

"छान आहे," ते म्हणाले. "खरंच छान आहे. शपथेवर सांगतो."

तिने फोन परत घेतला. "बरं," ती म्हणाली. गाडी आत्ताच गेली हे मान्य न करणाऱ्या प्रवाशाशी ती ज्या सुरात बोलत असेल, त्याच सुरात.

काका आणखी काहीतरी बोलणार होते. पण बाहेर गाडी येऊन लागली होती आणि तिने बटण दाबलं होतं.